उपड्या चुली

बा, परवा ओहोळावर जाऊन आले. डोळखांबपर्यंत एस.टी., तिथून जीपने फाट्यापर्यंत आणि पुढे तासभर पायी. ही वाट मी तुझ्यामागे पळत चढायची. आता दर दोन वळणांनी थांबावं लागतं, आणि थांबले की सोबतचं कोणीतरी "बाई, पाणी देऊ का?" विचारतं. मला असं विचारलेलं आवडत नाही. पाणी माझ्याकडे होतं. ओहोळ मात्र तसाच आहे, फाल्गुनात बोटभर धार आणि बाकी सगळे गोटे. अलीकडे शहापूर तालुका, पलीकडे मुरबाड, मध्ये तो. आपली वरची वस्ती, तिच्याखालची आणि पलीकडच्या मुरबाड हद्दीतली, अशा तीन वस्त्या खाणीमुळे या पाण्याला चिकटून होत्या. पलीकडच्या वस्तीचं आता काही दिसत नाही. वरच्या वस्तीवर करवंदीची जाळी माजली आहे. तू जिथे सुरुंगाचे बार भरायचास तिथे मोठा खड्डा आहे, त्यात हिरवं पाणी साचलेलं असतं आणि म्हशी डुंबतात. खालच्या वस्तीत तेवढी चौदा घरं आहेत, पत्र्याची, बारमाही राहणारी. मी गेले ती त्या चौदा घरांसाठी, असं सगळ्यांना वाटतं.

महिन्यापूर्वी शहापुरात माझ्या दारात चिंचेखालची येऊन उभी राहिली. तुला ती आठवेल. वरच्या वस्तीत चिंचेखाली त्यांची झोपडी होती म्हणून सगळे तिला तसंच म्हणायचे. माझ्याच वयाची, आणि माझ्याआधी पोहायला शिकलेली. आता तिला दात नाहीत, पण बोलणं तसंच. चपला दाराबाहेर काढून ती फरशीवरच बसली. खुर्चीवर बस म्हटलं तर म्हणाली, "खुर्चीत बसून मागायचं माज्यानं नाय होत गो." मग पिशवीतून एक झेरॉक्स काढली. खाण पुन्हा चालू करायची आहे म्हणे, आणि खालच्या घरांना उठायला सांगितलं आहे. घरं नवी आहेत, अतिक्रमण आहे, इथे पूर्वी वस्ती नव्हतीच, याला हा जुना कागद पुरावा. "चाळीस वर्सांमागं कोन बाई येऊन लिवून गेली," ती म्हणाली. "त्या साली दिवाळीनंतर आमी परत आलो त खाणीचा राखणदार आडवा. म्हनं वस्ती नाय, तसा कागद हाय. आमच्या चुली समोर दिसत व्हत्या. त्याला दावल्या. तो म्हनं, दगड हायेत. तीन वर्सं त्यानं वर चढू दिलं नाय. मंग आमी खालच्या अंगाला एकेक करून घुसलो. बाकीचे कुटं गेले ते गेले." मग मला म्हणाली, "तुज्याच खात्यातली असंल. तुला ठाव असंल कोन ती."

सही कोणालाच वाचता आली नव्हती. ती लग्नाआधीच्या आडनावाची होती आणि घाईतली होती. मला सहीपर्यंत जावंच लागलं नाही. पहिल्या ओळीतला 'स्थळपाहणी' हा शब्द पाहिला, त्यातला 'ळ' पाहिला आणि कळलं. तसा ळ मी अजून काढते. मी म्हटलं, कागद ठेवून जा, बघते. ती चहा न घेता गेली. तिला परतीची एस.टी. गाठायची होती.

बा, तू आपल्या चुलीवर भाकर थापायचास ते मला अजून दिसतं. आई मला आठवत नाही, त्यामुळे स्वयंपाक म्हटलं की तुझेच हात. नखांत दगडाची पूड, कितीही धुतले तरी निघायची नाही. नाचणीच्या भाकरीत ती उतरायची आणि दाताखाली कचकच वाजायची. मी तोंड वाकडं केलं की तू म्हणायचास, "खाणीचं मीठ हाय, गिळ." चूल म्हणजे ओहोळातून उचललेले तीन गोटे. वस्तीवर नवं कुटुंब आलं की झोपडीच्या आधी ते तीन गोटे निवडायला ओहोळात उतरायचं. झोपडी काय, चार मेढी आणि पेंढा. पावसाळ्याला खाण बंद झाली की मेढीसुद्धा खांद्यावर टाकून माणसं आपापल्या गावाकडे भातलावणीला जायची. जागेवर राहायची ती चूल. निघताना प्रत्येक घर आपल्या चुलीचे दगड उपडे करून जाई, काळी बाजू मातीत आणि पांढरी आभाळाकडे. उपडी चूल म्हणजे माणूस परत येणार आहे, जागेला हात लावायचा नाही. चार महिने वस्तीवर कुत्रंसुद्धा नसे, पण कोणी कोणाच्या जागेवर बसल्याचं मी पाहिलं नाही. जो परत यायचा नसे तो जाताना तीन गोटे पुन्हा ओहोळात टाकून जाई. जो मेला त्याचे गोटे त्याच्या माणसांनी टाकायचे. एवढा साधा कायदा होता, आणि तो मला बाराखडीआधी पाठ होता.

दुसरी गोष्ट मला पाठ होती ती मोजणं. सुरुंगाने तुझे कान गेले होते. डाव्याने काहीच नाही, उजव्याने ओरडलं तर थोडं. वात पेटवून तू पळत खडकाआड यायचास तेव्हा बायका आणि पोरं ओहोळात, उंच काठाच्या पोटाला चिकटून बसलेली असत. "बार हाय, बार!" अशी आरोळी फिरे. आपण सात भोकं भरली असतील तर सात आवाज व्हायला हवेत. सहाच झाले तर एक बार आत जिवंत आहे, आणि त्या दिवशी खाणीत कोणी पाऊल टाकायचं नाही. तुला मोजता येत नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी सात वर्षांची असेन. काठावर डोकं काढून मी तुला बोटं दाखवायची आणि तू माझ्या बोटांवर विसंबून आत शिरायचास. तेव्हा मला त्याचा फक्त गर्व होता.

त्या दिवशी मी आणि चिंचेखालची गोट्याखालची खेकडी काढत होतो. बार सुरू झाले. दोन आवाज एकात एक मिसळले की काय, की मी खेकडीकडे बघत होते, मला कळलं नाही. सहा की सात. तू खडकाआडून माझ्याकडे बघतोयस. दुपार कलली आहे, सकाळपासून तू काही खाल्लेलं नाहीस हे मला माहीत आहे. सहा म्हटलं तर काम थांबणार आणि मुकादम तुला बोलणार. मी सात बोटं दाखवते. तू चालायला लागतोस. आणि माझ्या शेजारून ती ओरडते, "सहा! काका, सहाच! ही खोटी बोलते!" तुला ऐकू येत नाही, तर ती ओहोळातून धावत जाऊन तुझ्यासमोर दोन्ही हात नाचवते, एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचं एक. तू थांबतोस. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या भोकात न फुटलेला बार मिळाला.

तू मला मारशील असं सगळ्या वस्तीला वाटत होतं. तू भाकर थापलीस, मला वाढलीस, माझं खाऊन होऊ दिलंस. मग म्हणालास, "नाय कळलं त नाय कळलं म्हन. माज्या भुकेकडं बघून मोजू नको." तुला ऐकू येत नसल्यामुळे तू सगळंच मोठ्याने बोलायचास. ते अख्ख्या वस्तीने ऐकलं. चिंचेखालचीच्या आईने तर दुसऱ्या दिवशी पाण्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "काय गो मास्तरीण, आज किती वाजले?"

पुढे मला आश्रमशाळेत घातलंस, मग कॉलेज झालं, आणि तलाठ्याची नोकरी लागली. नोकरीची बातमी सांगायला आले तेव्हा तू ओहोळातला एक चपटा दगड निवडून ठेवला होतास. आठ दिवस छन्नी घेऊन बसलास आणि मला पाटा-वरवंटा घडवून दिलास, खोलीवर वाटण वाटायला. मी तो एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं अर्धं तिकीट लागंल." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्या शेजारी माझ्याच नव्या कचेरीतला एक कारकून बसला होता आणि त्याने विचारलं होतं, तुमचे वडील काय करतात. मी म्हणाले, शेती. तो पाटा आज माझ्या गॅलरीत आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रात, तू खोकल्याने गेलास. वस्तीने सगळं केलं. मी तिसऱ्या दिवशी परत कामावर होते. तुझ्या चुलीचे गोटे ओहोळात टाकायचे राहिले. पुन्हा येईन तेव्हा टाकू, म्हटलं.

पुन्हा आले ती पुढच्या वर्षी, श्रावणात, हातात छत्री आणि दप्तर घेऊन. खाणीची मुदत संपली होती आणि त्या जमिनीवर वस्ती आहे की नाही हे कचेरीला पंधरा दिवसांत कळवायचं होतं. एकटीच चढले. पाऊस नुकताच उघडला होता. वस्तीवर कोणी नव्हतं, कसं असणार, सगळे भातात होते. झोपड्या नव्हत्या. पण चुली होत्या, बा. गवतातून एकेक पांढरी पाठ दिसत होती, ओळीने, जशी घरं होती तशीच. चिंचेखाली तिची होती. मी प्रत्येक चूल ओळखली. तुझी चूल तेवढी उपडी नव्हती. ती कोण करणार? तीन गोटे तसेच सरळ उभे, पावसाने काजळी धुऊन गेलेली. कागद भिजू नये म्हणून बसायला कोरडं काही हवं होतं. आणलेलं प्लास्टिक मी तुझ्या चुलीच्या मोठ्या दगडावर टाकलं, त्यावर बसले आणि लिहिलं: प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी वस्ती आढळून आली नाही. एका दमात लिहिलं. खाडाखोड नाही. त्यानंतर पस्तीस वर्षं नोकरी केली. माझ्या कागदात खाडाखोड नसते असं माझं नाव होतं, आणि हाताखालच्यांना मी त्यावरून पुष्कळ सुनावलं आहे.

चिंचेखालची कागद ठेवून गेल्यावर मी आठ दिवस तो टेबलावरून हलवला नाही. मग तिच्यासाठी अर्ज लिहिला, मुद्देसूद. पावसाळ्यातली पाहणी ग्राह्य धरू नये, वस्ती हंगामी होती, पुन्हा पाहणी व्हावी. अर्ज मंजूर झाला. त्यासाठी कचेरीच्या पाच खेपा झाल्या. ज्या जिन्यावरून मी पस्तीस वर्षं चढले त्याच्या पायरीवर बसून राहावं लागलं. शिपाई नवा होता, त्याने मला "आजी, बाजूला व्हा" म्हटलं. मी झाले. हल्ली मी कशावरूनही भांडत नाही.

परवा पाहणी होती. अधिकारी तरुण, माझ्या मुलीच्या वयाचा, बोलायला नीट. वरच्या वस्तीच्या जाळीत उभा राहून त्याने तो जुना अहवाल वाचून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, हे स्पष्ट आहे. अहवाल चुकीचा आहे असं तुम्ही म्हणता. त्या वेळी तुम्ही इथे होतात का?"

"होते."

"म्हणजे तुम्ही वस्तीतल्या?"

"वस्तीतली तर आहेच. आणि तो अहवाल मी लिहिलेला आहे."

चौदा घरांची माणसं मागे उभी होती. अधिकाऱ्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग असं का लिहिलंत?" मी म्हटलं, "माणसं लावणीला गेली होती. चुली उपड्या होत्या. मी त्या वस्तीत धरल्या नाहीत. धरायला हव्या होत्या." तो म्हणाला, "कुठल्या चुली? मला इथे दगडच दिसतायत." राखणदारही हेच म्हणाला होता.

तेव्हा चिंचेखालची पुढे झाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पहार घेतली, चिंचेच्या बुंध्याशी मातीत रुतलेल्या एका गोट्याखाली घातली आणि दाबली. गोटा कलंडला. खालची बाजू काळी होती, बा. चाळीस पावसाळे वरून गेले आणि खालची काजळी तशीच. तिने बोट फिरवलं, काळं बोट त्या अधिकाऱ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "सायेब, हा माज्या आयशीच्या भाकरीचा धूर. दगडाला कोन काजळ लावतं का?" तो हसला, मग हसायचा थांबला आणि खाली बसला. त्यानंतर चौदा घरांनी मिळून दुपारपर्यंत जाळी तोडली आणि गोटे उलटले. तो प्रत्येकाचा फोटो घेत होता, मोजत होता, मला विचारत होता की ही कोणाची, ती कोणाची. मी सांगत गेले, त्याने लिहून घेतलं. वस्ती होती आणि खालची घरं त्याच वस्तीची, असा पंचनामा झाला. निकाल यायचा आहे, पण तो माणूस जाताना म्हणाला, "आता घरं उठणार नाहीत असं मला वाटतं." मी त्या कामात आयुष्य काढलं आहे. असं वाटणं कुठल्या आवाजात सांगतात ते मला कळतं. हे खरं होतं.

तुझी चूल मात्र धरली गेली नाही. ती सरळच होती, वरून धुतलेली आणि खालून नुसती माती. अधिकारी म्हणाला, "याला काही खूण नाही मॅडम, हे सोडू." मी म्हटलं, सोडा.

सगळे खाली उतरल्यावर मी ते गोटे ओहोळात टाकायला घेतले. पहिला उचलला, पण एकटीने पेलेना. मागून चिंचेखालची आली, तिने दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून तीन खेपा केल्या. मोठा दगड, मी ज्यावर बसले होते तो, शेवटी नेला. बोटभर पाण्यात तो टाकला तर नीट बुडालाही नाही. मग आम्ही काठाच्या पोटाशी बसलो, जिथून मी मोजायची तिथेच. तिने कनवटीची मिसरी काढून हिरड्यांना घासली. मग ती म्हणाली, "सायबानं दाबलं असंल गो तुला. नवी नोकरी, बाई मानूस, वरून बाप गेलेला. तू तरी काय करनार व्हतीस."

बा, मला कोणी दाबलं नव्हतं. साहेबांनी फक्त विचारलं होतं, वस्ती आहे की नाही. 'हंगामी वस्ती आहे' असं मी लिहिलं असतं तर त्यांनी मुकाट सही केली असती. ते सगळ्यावरच करायचे. पण मग पुढे यादी लागली असती, कोणाचं घर कुठलं, आणि तुम्हाला हे कसं ठाऊक, असं कोणीतरी विचारलं असतं. कचेरीत मी शेतकऱ्याची मुलगी होते. एवढंच होतं. भीतीसुद्धा नव्हती.

हे मी त्या अधिकाऱ्याला सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही. तिने तर जवळजवळ विचारलंच होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पूर्वी तू बघायचास तशी. हे पत्र मी त्या अहवालाच्या उरलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिते आहे. त्यामुळे ते कुठे पाठवता यायचं नाही आणि रद्दीतही घालता यायचं नाही. ती दिवसभर राबलेली होती, आणि अशा वेळी मी तिला दुखवू नये असं मला वाटलं, असं मी स्वतःला सांगितलं. मी मान हलवली. म्हणाले, "हो गो. दाबलं."

बा, मी पुन्हा सात बोटं दाखवली. आणि या वेळी तिनेही मोजलं नाही.